भारताची अर्थव्यवस्था एवढी मोठी झाली, तरी लोक गाव आणि शेती कायमची का सोडत नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, भारताची अर्थव्यवस्था जगातील पहिल्या पाचांत गणली जात असताना येथील जवळजवळ निम्मे कामकरी अजून शेतीवर कसे, आणि ते शहरात जाऊन कायमचे का स्थिरावत नाहीत. मी बीड जिल्ह्यातील एका गावी बरीच वर्षे प्राथमिक शिक्षिका होते, त्यामुळे जे पाहिले त्याच्या आधारे उत्तर देते. माझ्या मते लोक गाव सोडतात, पण दरवर्षी सोडतात आणि दरवर्षी परततात, कारण जेथे ते कमावतात तेथे त्यांना मजुरीपलीकडे कसलाही आधार मिळत नाही.

2023-24 च्या श्रमबळ पाहणीनुसार सुमारे 46 टक्के कामकरी शेतीत होते, आणि शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा मात्र 18 टक्क्यांच्या आसपास होता. या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही. शेतकरी म्हणून ज्याची नोंद होते, तोच माणूस वर्षातील पाच-सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यात मजूर असतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्या वर्गातील हजेरीपटावर निम्म्या नावांपुढे गैरहजेरी लागू लागे. आईवडील ऊसतोडीला निघत आणि मुलांना मागे सांभाळणारी आजी नसली, तर मुलेही गाडीत बसत. ही कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकातील कारखान्यांपर्यंत जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा ठेकेदार, पावसाळ्यातच त्या कोयत्याला उचल देतो, म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम. पुढे टनामागे जी मजुरी होते, त्यातून ती फेडायची. फडातले काम पहाटेच सुरू होते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते, आणि मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, मग गाडी रात्री दोन वाजता आली तरी. उरलेले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी विकून जे पैसे येतात, त्यावर आठवड्याचा बाजार होतो. राहायला माळावर खोपी असते आणि पाणी दुरून आणावे लागते.

येथे समाज आणि अर्थकारण वेगळे काढता येत नाही. वंजारी, बंजारा, दलित, अल्पभूधारक मराठा अशा अनेक समाजांतून हे मजूर येतात, आणि मुकादम बहुधा ओळखीचा, भावकीतला किंवा जातीतला असतो. बँक ज्याला तारणाशिवाय दारात उभे करत नाही, त्याला मुकादम केवळ शब्दावर मोठी रक्कम देतो. आणि ती फिटली नाही, तर तीच ओळख माणसाला पुढच्या हंगामाला बांधून ठेवते. मुलीचे लग्न लवकर उरकण्यामागेही हेच आहे: तिला गावी एकटी ठेवण्याची भीती वाटते आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. हे लिहिताना मला आजही त्रास होतो, कारण त्यांपैकी काही मुली माझ्या वर्गात पाढे म्हणत होत्या. बाईच्या शरीरावर या कामाचा किती भार पडतो हे 2019 मध्ये राज्याने नेमलेल्या समितीने पाहिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पाहणीत गर्भाशय काढलेल्या 13,000 हून अधिक स्त्रियांची नोंद झाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी कापली जाते, हे त्या बायकांनी स्वतः सांगितले आहे.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली, 1977 मध्ये तिचा कायदा केला आणि 2005 मध्ये देशाने तशीच हमी स्वीकारली. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळही आहे. तरीही रोजगार हमीची मजुरी हाती पडायला वेळ लागतो आणि मुकादमाची उचल एका दिवसात मिळते. शिवाय स्थलांतरित मजुरांचा 1979 चा कायदा केवळ दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी केलेला होता. बीडहून कोल्हापूरला गेलेला माणूस त्याच्या कक्षेतच येत नव्हता.

म्हणून दोन एकर कोरडवाहू जमीन कोणी विकत नाही. ती फारसे पिकवत नाही, परंतु आजारपणात, म्हातारपणात आणि हंगाम फसला तर परतण्यासाठी तेवढीच जागा हक्काची असते. मार्च-एप्रिलमध्ये माणसे गावी येतात, राहिलेली लग्ने आणि जत्रा त्या दोन महिन्यांत होतात, मृगाच्या पावसावर सोयाबीन किंवा कापूस पेरला जातो, आणि पीक हाती येण्याआधीच, बहुतेकदा पोळ्याच्या सुमारास, मुकादम नव्या उचलीचे पैसे घेऊन ओट्यावर येऊन बसतो.