ग्रीनहाउसमध्ये सिलॅबल किती?

नमस्कार. मुलीला शिकवताना ग्रीनहाउस या शब्दाचे ग्री-न-हा-उ-स असे पाच तुकडे पाडावेत की तीन, आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नेमका कुठे द्यावा, असे आपण विचारले आहे. सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे, दोनच आहेत: ग्रीन आणि हाउस. देवनागरीच्या सवयीने आपण लिहिलेली अक्षरे मोजतो. सिलॅबल मात्र उच्चारलेल्या स्वरांवरून मोजायचे असतात, आणि हाउसमधला ‘आउ’ इंग्रजीत एकाच झटक्यात म्हटला जाणारा संयुक्त स्वर असल्यामुळे तो मध्येच तोडता येत नाही. आपला ‘देवघर’ शब्द मोठ्याने म्हणून पाहा. कागदावर चार अक्षरे दिसतात, पण तोंडातून देव्‌ आणि घर्‌ असे दोनच तुकडे येतात, तेही बरोबर जोडावर. इंग्रजी जोडशब्दही आधी जोडावर तोडावा आणि मग प्रत्येक भागातले स्वर मोजावेत. न्यूजपेपरमध्ये ते तीन भरतात.

आघाताकडे मात्र अधिक लक्ष द्यावे, कारण मराठीत त्याने सहसा अर्थ बदलत नाही आणि म्हणून आपण सगळे सिलॅबल सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत ग्रीनवर मुख्य जोर दिला तर रोपांसाठीचे काचघर, आणि दोन सुटे शब्द समजून हाउसवर दिला तर हिरव्या रंगाचे घर. ब्लॅकबर्डचेही तसेच. पहिल्या भागावर जोर असताना तो युरोपातला एक विशिष्ट पक्षी असतो, ज्याची मादी चक्क तपकिरी असते. आपला कावळा काळा असला तरी ब्लॅकबर्ड नव्हे. पहिल्या भागावर आघात हा जोडनामांचा सर्वसाधारण नियम आहे. ओल्ड-फॅशन्डसारख्या जोडविशेषणांत तो बहुधा दुसऱ्या भागावर जातो, आणि रस्त्यांच्या नावांत तर लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटमध्ये ऑक्सफर्डवर, पण ॲबी रोडमध्ये रोडवर पडतो. हे पाठच करावे लागते.

आघात नसलेला भाग कधी कधी इतका झिजतो की त्याचा स्वरही बदलतो. आपण पोस्टमन आणि चेअरमन लिहितो, पण सुपरमॅन लिहितो. हा फरक मूळ उच्चारातलाच आहे. कबर्ड तर कप आणि बोर्ड यांचा जोड असूनही ‘प’ पार नाहीसा झाला आहे, त्यामुळे तेथे जोड शोधत न बसता क-बर्ड असेच तोडावे.