कंटेनर एकमेकांवर टिकतात कसे?

प्रश्न : आम्ही उरणला राहतो, न्हावाशेवाचे ट्रेलर रोज बघतो. जहाजावर इतके कंटेनर एकावर एक रचतात, ते घसरत कसे नाहीत? वेल्डिंग करतात का? – एक वाचक

उत्तर : नाही हो, वेल्डिंग केलं तर उतरवणार कसं! पुढच्या वेळी ट्रेलर सिग्नलला थांबला की कंटेनरचे कोपरे नीट बघा, आठही कोपऱ्यांत जाड पोलादी ठोकळा आणि त्याला लांबट भोकं असतात, त्यात ट्विस्टलॉक नावाची खुंटी जाते आणि वरचा भाग 90 अंश फिरवला की आडवा होऊन अडकतो, परत फिरवला की सुटतो. क्रेन कंटेनर उचलते तीही याच भोकांत लॉक अडकवून. ट्रेलरवर, जहाजावर, क्रेनला, सगळीकडे हीच युक्ती.

अमेरिकेत ट्रकचा धंदा करणारे माल्कम मॅकलीन यांचं 'आयडियल एक्स' जहाज 26 एप्रिल 1956 ला 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं, आणि त्यांच्यासोबत होते इंजिनिअर कीथ टँटलिंगर, कोपऱ्याची आणि लॉकची ही रचना त्यांची. मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची, की या रचनेचं पेटंट मॅकलीननी नंतर सगळ्यांना फुकट वापरू दिलं, म्हणून तर आयएसओचं, म्हणजे जगभरासाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, एकच माप ठरू शकलं आणि कुठल्याही देशातला कंटेनर तुमच्या न्हावाशेवाच्या क्रेनला बरोब्बर बसतो. टँटलिंगरचं नाव मात्र फार कमी जणांना माहीत असतं, याचं खरंच वाईट वाटतं.