तुमचा प्रश्न : पेटीचं दुकान चालवायला घेऊ का?

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांचा. बडोद्याजवळच्या एका रसायन कारखान्यात १८ वर्षं देखभाल विभागात आहे. लहानपणापासून पेटी (हार्मोनियम) उघडून बघायचा नाद. गेली चार वर्षं दर रविवारी पेटी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे बसतो. भाता बदलणं, खर्ज-नर (जाड आणि मधल्या आवाजाचे) सूर मिळवणं आता हातात बसलंय. त्यांना दुकान झेपत नाही, मला चालवायला द्यायला तयार आहेत. बायको शाळेत शिकवते, मुलगा दहावीत आहे, घराचे हप्ते अजून चार वर्षं आहेत, मला बीपीची गोळी सुरू आहे. आई म्हणते, ‘एवढा इंजिनिअर केला, आता लोकांना काय सांगू?’ तुम्हीही प्रयोगशाळेतली नोकरी सोडून पुस्तकबांधणीत आलात. कधी पस्तावलात का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : भाऊ, पस्तावले. तीही गोष्ट सांगते, कारण तुम्ही सरळ विचारलंत.

सोळा वर्षं मी नमुने तपासले. चाळिसाव्या वर्षी राजीनामा दिला आणि दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर शिकंजा (पुस्तकं दाबून धरायचं यंत्र) मांडला. पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या आळीतल्या एक आजी त्यांच्या सासूबाईंची पाककृतींची वही घेऊन आल्या. पानं सुटलेली, कडा कसरीने खाल्लेल्या, अक्षर निळ्या शाईचं. रविवारी द्यायचं कबूल केलं होतं म्हणून घाईने फाटक्या कडेला खळ लावली आणि शाई पसरली. अनारशांच्या पानावरच्या तीन ओळी डोळ्यांदेखत निळा डाग होऊन गेल्या. प्रयोगशाळेत मी नमुन्याला न विचारता काहीच करत नसे, आणि इथे साधा पाण्याचा थेंब टाकून शाई पाहिली नव्हती. त्या रात्री मी जुन्या साहेबांचा नंबर काढून बसले होते.

फोन केला नाही. सकाळी वही घेऊन आजींकडे गेले आणि झालं ते सांगितलं. त्यांनी पान खिडकीशी धरलं, बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘लिहून घे.’ तीन ओळी त्यांना पाठ होत्या. त्या मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्या पानाशी जोडल्या. तेव्हापासून आधी एखाद्या पूर्णविरामावर थेंब ठेवते, वर टीपकागद दाबते. रंग उतरला तर त्या पानाला पाणी लावत नाही.

तुमच्या आईंना वाटतं की शिक्षण वाया जाणार. माझं गेलं नाही. चिंध्यांपासून केलेला जुना कागद शंभर वर्षांनीही मऊ राहतो, आणि तुरटी-राळ घातलेला लाकडाच्या लगद्याचा कागद आतल्या आम्लाने पिवळा पडून पापडासारखा तुटतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. कीड लागू नये म्हणून बाजारात खळीत मोरचूद घालतात. मी का घालत नाही, तेही तिथलंच शिक्षण. तुमचंही तसंच होईल. पेटीतला सूर म्हणजे पितळेची पट्टी, ती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. धातूवर किती हात चालवायचा हे १८ वर्षं यंत्रं उघडणाऱ्याला जास्त कळणार.

आता पैशाचं, कारण दहावीतला मुलगा घरात असताना ते टाळून चालणार नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पगार आणि भत्ता मिळून ४० हजार धरले तर १८ वर्षांचे साधारण ४ लाख १५ हजार होतात. तुमची ग्रॅच्युइटी किती ते पगारपत्रकावरून आजच काढा आणि त्यातला एक रुपयाही दुकानात घालू नका. पीएफच्या पेन्शन योजनेत तुमची १० वर्षं कधीच भरली असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क राहतो. सगळ्यात आधी विमा. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा बीपी लपवू नका, आणि स्वतःची पॉलिसी राजीनाम्यानंतर नाही, आत्ता नोकरीत असतानाच घ्या. मी हे केलं नव्हतं आणि आईच्या आजारपणात फार ओढाताण झाली.

गिऱ्हाइकाची काळजी मला कमी वाटते. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली ते हे आपलं बडोदं. सुरसागर तलावाच्या काठी अजून मुलं गाणं शिकतायत, आणि आपल्या मराठी घरांत आजोबांची पेटी माळ्यावर पडलेली असतेच.

राहिला आईंचा प्रश्न. माझे बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, ‘ती मोठ्या कंपनीत होती.’ नऊ वर्षं झाली. पूर्वी मला ते टोचायचं. तेव्हा मीही पद आणि वाढीचं पत्र मोजायचे, दिवसाला साठ नमुने झाले की दिवस भरला म्हणायचे. आता कधी आठवड्यात एकच पुस्तक होतं. जुजबंदी (पानांच्या जुड्यांची शिवण) घट्ट आहे का, आणि कुठेही उघडलं तरी हात न लावता सपाट पडून राहतं का, एवढंच मी दिवे मालवण्याआधी पाहते. कमाई पूर्वीच्या पगाराच्या निम्म्याहून थोडी जास्त आहे, तीही सारखी नाही. हे आईंपासून लपवू नका, आणि बायकोपासून तर मुळीच नाही.

माझं स्पष्ट मत : या वर्षी सोडू नका. दहावी होऊ द्या, विमा होऊ द्या. तोवर शनिवारची संध्याकाळही दुकानाला द्या आणि एक पूर्ण पेटी, भात्यापासून सुरांपर्यंत, कारागिरांचा हात न लागता तुमच्या हातून गिऱ्हाइकाला जाऊ द्या. किती तास लागले, किती मिळाले, ती परत दुरुस्तीला आली का, हे वहीत लिहा. आणि पहिली पेटी सुरात लागली की ती आईंसमोर वाजवा. मग मला कळवा, मी वाट बघते.