फुगडी घालताना हात कसे धरावेत, म्हणजे मनगटं दुखणार नाहीत आणि हात सुटणारही नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मंगळागौरीला फुगडी घातली की दुसऱ्या दिवशी मनगटं ठणकतात आणि भोवतीच्या सगळ्या तर 'घट्ट धर, घट्ट धर' असंच ओरडत असतात. ताई, मनगटं ठणकतात ती त्या 'घट्ट धर'मुळेच. हात आवळून फुगडी होत नाही. फुगडी पायांवर आणि मागे झोकलेल्या अंगावर होते, हात फक्त दोघींना जोडून ठेवतात.

उजव्यात उजवा, डाव्यात डावा हे तुम्हाला माहीत असणारच. पुढचं सहसा कोणी सांगत नाही. चारही बोटं वाकवून समोरचीच्या बोटांत आकड्यासारखी अडकवायची, तीही बोटांच्या मुळाशी. टोकाशी अडकवली तर घामानं निसटतात. अंगठा वरून नुसता टेकलेला असू द्या. बोटांत बोटं गुंफू नका. फिरताना हात जरा वळला की गुंफलेलं बोट निघत नाही आणि करंगळी मुरगळते. आकडा बरोबर बसला असेल तर दोघींनी अंग मागे टाकताच तो आपोआप पक्का होतो, दाबावं लागतच नाही. चवडे तिच्या चवड्यांना भिडलेले, पाठ सरळ, हात ताणलेले. कंबरेत वाकून नुसतं मागे बसलात तर सगळा भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो.

आता मी हे एवढं पोटतिडकीनं का लिहितेय ते सांगते.

माझ्या नणंदेच्या पहिल्या मंगळागौरीला खेळ घ्यायला एक गट बोलावला होता. एकसारख्या नऊवारी, तालमी केलेल्या बायका, खेळही सुरेख. त्यांची मुख्य बाई घरातल्या प्रत्येकीला एकेक फुगडीला घेत होती. माझी पाळी आली तेव्हा तिनं माझे हात मनगटाला धरले, थेट बांगड्यांवरून. मी बोटं पुढे केली होती, तिनं ती घेतलीच नाहीत. पहिले फेरे ठीक गेले. मग तिनं वेग वाढवला. मी 'पुरे' म्हटलं. ती हसून म्हणाली, 'अजून थोडं!' आणि सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी माझ्या बाजूनं पकड कधीच सोडली होती, पण तिची बोटं माझ्या मनगटावर तशीच. त्या वेगात मला ना थांबता येईना, ना पाय टेकवता येईना. हिरव्या चुड्यातल्या दोन बांगड्या वाढल्या आणि काच मनगटाच्या आतल्या बाजूला रुतली. थांबलो तेव्हा रक्त पदरावर ओघळत होतं. आणि ती बाई मला काय म्हणाली? 'बघ, मी घट्ट धरलं म्हणून पडली नाहीस.'

सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाईंनी लगेच दुजोरा दिला की हल्लीच्या मुलींच्या हातात जोरच नाही. हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे. गौरी आल्या, हादगा झाला, कुणाची मंगळागौर असली की तो निघतोच. त्यांचं एकच म्हणणं: हात सुटला तर डोकं फुटेल, त्यामुळे मनगटच धरावं. माझं म्हणणं असं की मनगट धरलं की थांबायचं कधी हे एकटी धरणारीच ठरवते. दुसरी नुसती ओढली जाते. फुगडी दोघींची आहे, तर थांबायचा हक्कही दोघींचा हवा. आणि हातांतल्या जोराचा प्रश्न असेल, तर हिशोब साधा आहे: वेग दुप्पट झाला की हातावरची ओढ चौपट होते. म्हणून सुरुवातीला मजेत वाटणारी फुगडी शेवटच्या फेऱ्यांत एकदम हाताबाहेर जाते. तिथे जोर कामाला येत नाही, वेग आवरावा लागतो. आणि किती आवरायचा हे दोघींतली जी कमी ताकदीची आहे तिनं ठरवायचं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी आषाढी वारीतल्या फुगड्या बघाव्यात. तिथे ओळख ना पाळख, समोरच्याच्या पाया पडायचं आणि फुगडी सुरू. पुरुषही घालतात, साठी उलटलेल्या मावश्याही घालतात. मी एका म्हाताऱ्या मावशींबरोबर घातली आहे. त्यांचा हात इतका हलका होता की धरलाय की नाही कळत नव्हतं, पण पाय असे पडत होते की अंग आपोआप फिरत होतं. मी दमले हे त्यांना मी बोलायच्या आधी कळलं आणि त्या सावकाश उभ्या झाल्या.

थांबायचं असंच असतं. हात झटकन सोडायचा नाही, त्यानं खरंच डोकं फुटेल. आधी पावलं मंद करायची, मग मागे टाकलेलं अंग सरळ करायचं, कोपरं वाकवून एकमेकींना जवळ ओढायचं आणि जमीन स्थिर वाटेपर्यंत हात तसेच ठेवायचे. फिरताना नजर समोरचीच्या चेहऱ्यावर ठेवलीत तर गरगरणंही कमी होतं. सुरू करण्याआधीच ठरवा की जी 'पुरे' म्हणेल तिच्या शब्दाला फुगडी थांबेल.

वजनात फरक असेल तर काय, असंही तुम्ही विचारलंय. जड असेल तिनं मागे कमी झुकायचं, एवढंच सांगते, बाकी एकदा घालून बघितल्याशिवाय कळत नाही.

काही गोष्टी राहिल्या. मनगट कधीच धरू नये असं मी म्हणत नाही. एका हाताच्या फुगडीत दोघींनी एकमेकींचं मनगट धरलेलं बरं, कारण एकीची पकड निसटली तरी दुसरीची राहते. पण त्या हातात काचेच्या बांगड्या नकोत, घड्याळ नको, आणि दोघींना ते मान्य हवं. खड्याच्या अंगठ्या कुठल्याही फुगडीला काढूनच ठेवा. खांदा पूर्वी कधी निखळला असेल किंवा दिवस गेलेले असतील तर झिम्म्यात टाळ्या द्या, गाणी म्हणा, फुगडी नको. आणि चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना हाताला धरून गरगर फिरवू नका, कौतुकानं तर मुळीच नाही. त्या वयात अशा ओढीनं कोपराचं हाड जागेवरून सरकतं, मूल हात हलवायचंच थांबवतं आणि दवाखाना गाठावा लागतो.

तुमच्याकडे खेळ घ्यायला गट येणार असेल तर ठरवतानाच फोनवर सांगा: घरातल्या बायकांचं मनगट धरायचं नाही आणि कुणीही 'पुरे' म्हटलं की थांबायचं. यावर त्यांनी 'आमची पद्धत अशीच आहे' असं म्हटलं तर दुसरा गट बघा. मी भाचीच्या मंगळागौरीला तेच केलं, थोरल्या जाऊबाई शेवटपर्यंत नाराज होत्या तरी.