बायको कमावती असली की अटेंडन्स भत्ता मिळत नाही?

"मॅडम, मी दिवसभर ऑफिसात. मग यांना कायम सोबतीला माणूस लागतो असं कुठल्या तोंडानं लिहून देऊ? कुणी चौकशीला आलं आणि मी घरी नसले तर?"

अपंगत्व घेऊन परतलेल्या सैनिकांच्या घरांतून हा प्रश्न मला नेहमी येतो. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. ताई पतसंस्थेत लिपिक. नवरा सैन्यात नायक या हुद्द्यावर होता, ड्यूटीवर असताना गाडी दरीत गेली, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. अपंगत्व १०० टक्के धरलं गेलं, डिसॅबिलिटी पेन्शन सुरू झाली. अटेंडन्स भत्ता, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या मदतनीसासाठी मिळणारी रक्कम, मात्र नव्हता. बायको कमावती असेल तर तो मिळतच नाही, असं गावात कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं. म्हणून ताई नोकरी सोडायला निघाल्या होत्या.

मी त्यांना आधी थांबवलं. या भत्त्यासाठी (कागदोपत्री नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स) बायकोचा पगार बघत नाहीत. बघतात ते सैनिकाचं अपंगत्व. ते १०० टक्के हवं, किमान तीन महिने सतत मदतनीस लागेल असं मेडिकल बोर्डाचं, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचं, मत हवं, आणि ही गरज मंजूर झालेल्या अपंगत्वातूनच आलेली हवी. १ जुलै २०१७ पासून हा भत्ता महिना ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की यात २५ टक्के वाढ, अशी तरतूदही तेव्हाच झाली. एक पाय गमावलेल्या, ७० टक्के अपंगत्व असलेल्या जवानाच्या घरच्यांना मला "हा भत्ता तुम्हाला लागू नाही" असं सांगावं लागतं, तेव्हा वाईट वाटतं. पण खोटी आशा लावण्यात अर्थ नाही.

मग घोडं अडलं कुठं? बोर्डाच्या कागदांत मदतनीसाची गरज नाही, अशी नोंद होती. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा कारण कळलं. ताई पहाटे साडेचारला उठतात. लघवीची पिशवी रिकामी करतात, नवऱ्याला कुशीवर वळवतात, माकडहाडाजवळची लाल झालेली जागा अंगठ्यानं दाबून बघतात, कारण तिथं जखम झाली तर महिनोन् महिने भरत नाही. रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलायची. एवढं असून बोर्डापुढं "स्वतःचं आवरता येतं का?" विचारल्यावर ताईंचे यजमान म्हणाले होते, "येस सर." दाढी स्वतः करतात ना!

असं उत्तर मी अनेक फौजींच्या तोंडून ऐकलंय, आणि त्याबद्दल त्यांना कधी बोलत नाही. त्याच ताठपणावर माणूस तगलेला असतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, "साहेब, तुम्ही जे सांगाल तेच डॉक्टर लिहिणार. जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगा, वहिनींसाठी सांगा." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग स्वतःच वही मागवली.

त्या वहीत एका दिवसाचा हिशेब लिहिला: किती वाजता, कोणतं काम, कुणाच्या हातानं. दहा ते सहा पुतण्या थांबायचा, त्याला महिन्याला पैसे दिले जायचे. तेही तारखेसकट मांडलं. ताईंची भीती इथं गेली. त्या घराबाहेर असतात तेव्हा पैसे मोजून माणूस ठेवावा लागतो, यातून गरज जास्तच स्पष्ट दिसते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीनं रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवेची कागदपत्रं सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयाला, फेरतपासणीचा अर्ज गेला. सरकारी रुग्णालयात दाखल असतील त्या काळाचा भत्ता मिळत नाही, तेव्हा ते दिवस लपवू नका, हेही मी बजावलं.

नोकरीबद्दल माझं मत ठाम आहे: सोडू नका. पगार आणि प्रॉव्हिडंट फंड तर आहेच, पण आजारपणापलीकडचं बोलायला चार माणसं भेटतात, ती बाईला टिकवतात.

बोर्डानं शिफारस केली, भत्ता सुरू झाला, तो सगळा पुतण्याच्या पगारात जातो. ताईंची झोप मात्र अजून तुटकीच. आठवड्यातल्या दोन रात्री धाकट्या दिरानं सांभाळाव्यात, यासाठी आता त्याच्याशी बोलणं चालू आहे. कूस कशी बदलायची ते नवऱ्यानंच त्याला शिकवायचं ठरलंय.