अण्णांवर लिहायला बसशील तेव्हा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज आणि सोबतचा मजकूर मिळाला. तुझ्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढून घरोघरी द्यायची हे तुला सुचलं याचा मला खरंच फार आनंद झाला. पण मजकुराबद्दल स्पष्ट सांगतो. "प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व" यातलं काहीच खोटं नाही, पण कुर्डुवाडीत लागणाऱ्या प्रत्येक भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर हेच असतं, नाव बदललं की कुणालाही चालतं. ज्यांनी अण्णांना बघितलंय ते मान हलवून पान उलटतील आणि ज्यांनी बघितलं नाही, म्हणजे उद्या तुझी पोरं, त्यांना यातून अण्णा दिसणारच नाहीत. विशेषणं काढून टाक सगळी. ते काय करायचे ते लिही.

आता त्यांची नोकरीच घे. तू लिहिलंस "रेल्वेत प्रामाणिकपणे सेवा केली". अरे, कुठल्या रेल्वेत? ते कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपला होते, बार्शी लाईटच्या. अडीच फुटी रुळांची ती गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, मग एका अंगाला पंढरपूर, पुढं मिरज आणि दुसरीकडं लातूर असं करत वाढली, १९५४ ला सरकारनं ताब्यात घेतली. आता तिथं ब्रॉडगेज आहे, त्यामुळं तुमच्या पिढीला ती गाडी डोळ्यासमोर आणायची म्हटलं तरी येणार नाही. आषाढीला डब्यांच्या टपावरसुद्धा माणसं बसायची एवढी गर्दी, आणि अण्णा ड्युटी करून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि कळशी घेऊन परत स्टेशनवर, फलाटावर अडकलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांना पाणी द्यायला. मी बघितलंय हे. हे एक वाक्य लिहिलंस तरी "प्रेमळ" लिहायची गरज उरत नाही.

दुसरं, लोकांना विचारताना "अण्णा कसे होते" असं विचारूच नको, सगळे "देवमाणूस" म्हणतील आणि विषय तिथंच संपेल. पगार झाला की पहिल्यांदा काय आणायचे, डब्यात काय आवडायचं, रागावले की काय म्हणायचे, कुणाच्या लग्नात कुठल्या कामाला उभे राहायचे, असं विचार. आणि फक्त काका लोकांना विचारून थांबू नको, आत्यांना विचार, तुझ्या आईला विचार, सुनेला सासरा जसा दिसतो तसा पोराला बाप दिसत नाही. वर्कशॉपमधले त्यांच्या बरोबरीचे जे काही लोक राहिलेत त्यांच्याकडं आधी जा, कारण ते सगळे ऐंशीच्या पुढं-मागं आहेत. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवायचा आणि मधे बोलायचं नाही.

तारखांची तुला अडचण येणारच. दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९४४ आहे, त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची १ जूनच असते, खरी तारीख माहीत नसली की मास्तर शाळेत नाव घालताना ती टाकून मोकळे व्हायचे. पण तुझी पणजी म्हणायची की रझाकाराच्या वर्षी हा पाळण्यात होता. आपला भाग निजामाच्या हद्दीला लागून, त्यामुळं ते दिवस कुणी विसरलं नव्हतं, आणि सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे अण्णांचा जन्म ४७ च्या आसपासचा धरायला हवा. असंच सगळं लावत जायचं. आपल्याकडं जुन्या माणसांना साल विचारलं तर सांगता येत नाही पण "दुष्काळाच्या वर्षी" म्हटलं की ते १९७२, सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी खाल्लेलं साल. "भूकंपाच्या वेळी" म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं आणि पहाटे किल्लारीचा हादरा इथपर्यंत आला. तुझ्या थोरल्या आत्याचं लग्न भूकंपाच्या आधी की नंतर एवढं आजीला विचारलंस तरी साल सापडतं. बाकी पेन्शनचे कागद, रेशनकार्ड, जुन्या लग्नपत्रिका, फोटोंच्या पाठीमागं लिहिलेलं हे सगळं बघ. अस्थी घेऊन नाशिकला गेला होतात ना, तिथल्या उपाध्यायांच्या वहीत घराण्याची मागच्या पिढ्यांची नावं असतात, ती फोनवर मागून घे.

मे १९७४ चा रेल्वेचा संप मात्र सोडू नको. ८ मे ला सुरू झाला, वीस दिवस चालला, देशभर हजारो लोकांना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. अण्णा तेव्हा ऐन पंचविशीतले, नवीन लग्न, क्वार्टरमध्ये राहायला. त्या वीस दिवसांबद्दल ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत, पण घरात चूल कशी पेटली ते आजीला माहीतच असणार, आणि ती गोष्ट जितकी अण्णांची तितकीच आजीची आहे. तू पाठवलेल्या मजकुरात आजी एकदाच येते, तीही "पश्चात पत्नी, तीन मुले" मध्ये. संसारी माणसावर लिहायचं आणि ज्या बाईनं तो संसार ओढला तिचं नुसतं नाव, हे मला पटत नाही.

आणि एक अवघड गोष्ट. थोरल्या आत्याला त्यांनी कॉलेजला बार्शीला पाठवलं नाही, धाकटीला पाठवलं. तुला माहितीय, सगळ्या घराला माहितीय. हे लिहायचं का, तर माझ्या मते लिहावं, कारण धाकटीला पाठवताना हा माणूस बदलला होता आणि तो कसा बदलला ते कळलं तरच ते खरे कळतात. पण थोरल्या आत्याला आधी विचार. ती नको म्हणाली तर विषय तिथंच सोड, कुणालाही समजावत बसू नको. जमिनीवरून भावकीत जे झालं ते मात्र पूर्ण बाहेर ठेव, दुसरी बाजू मांडणारं आता कुणी नाही.

पुस्तिका सोळा पानांच्या वर नेऊ नको. फोटोखाली सगळ्यांची नावं टाक, डावीकडून उजवीकडं, आज ओळखू येतायत म्हणून सोडून देऊ नको. आजीकडं दुपारी जा, तिचा चहा झाला की, सकाळी तिला दम लागतो. आणि छापायला द्यायच्या आधी मला पाठव, वर्कशॉपच्या आणि गाडीच्या ज्या तारखा असतील तेवढ्या मी तपासून देतो.

तुझा,
सर