चंद्र म्हटलं की हात वर जायलाच हवा का?

प्रश्न: मागच्या रविवारी घाणेकर नाट्यगृहात भाचीच्या ग्रुपचा कंटेम्पररी डान्सचा शो बघायला गेले होते. सगळी गाणी जुनी, रेडिओवरची, मला तर तोंडपाठ, मूळ रेकॉर्डच लावलेल्या. पण गाण्यात चंद्र आला तरी पोरी जमिनीवर लोळतायत, विरहाचं गाणं चाललंय आणि एक मुलगी नुसतीच या विंगेतून त्या विंगेत चालत जातेय. काही कळलं नाही आणि खरं सांगू का, रागच आला, चांगल्या गाण्याची वाट लावली असं वाटलं. भाची रोज विचारते मावशी कसं वाटलं, आणि मी विषय बदलते. काय सांगू तिला?
– एक मावशी, नौपाडा, ठाणे

उत्तर: मावशी, 'छान झालं गं' म्हणून मोकळ्या झाला नाहीत ते बरं केलंत. राग येणारच, कारण गाणं तुमचं आहे ना, त्या पोरी जन्मायच्या आधीपासून तुम्ही ते भाजी निवडताना ऐकताय, त्याचं एक चित्र डोक्यात कधीच पक्कं झालेलं असतं. त्यात आपल्या सगळ्यांची नजर तयार झालीये शाळेच्या गॅदरिंगवर, पाऊस आला की बोटं खाली, चांदणं आलं की बोटं लुकलुक, आणि हृदय म्हटलं की हात छातीवर (तोही बऱ्याचदा उजव्या बाजूला). आता लावणीत किंवा कथकमध्येही शब्दाची अदा करतातच, पण तिथे एकच ओळ चार वेळा घेऊन चार वेगळे भाव दाखवतात, ती फार अवघड गोष्ट आहे. कंटेम्पररीवाले बहुतेक वेळा त्या वाटेला जातच नाहीत. गाणं सांगतंय ना चंद्र, मग मी परत कशाला सांगू, असा त्यांचा हिशोब.

एक उदाहरण देते. अमेरिकेत पॉल टेलर म्हणून कोरिओग्राफर होते, त्यांनी 1991 मध्ये 'कंपनी बी' बसवलं, अँड्र्यूज सिस्टर्स या तीन बहिणींच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या गाण्यांवर. गाणी ठेका धरायला लावणारी, पुढे जोड्या मस्त उड्या मारत नाचतायत, आणि मागे अंधारात सावल्यांसारखे तरुण चालत जातात आणि मधेच एखादा कोसळतो, गोळी लागल्यासारखा. गाणं आपलं हसतंच राहतं. आता तिथे शब्दाबरहुकूम नाच केला असता तर मागचे ते तरुण दिसलेच नसते. याच्या पुढची पायरी म्हणजे कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज, ते नाच वेगळा तयार करायचे, संगीत वेगळं, आणि दोघांची गाठ बऱ्याचदा थेट पहिल्या प्रयोगालाच. पण ते आपल्या आवडत्या गाण्याला चालणार नाही असं मला वाटतं, कारण गाण्याकडे लक्षच द्यायचं नसेल तर तेच गाणं निवडलंत कशाला?

आणि म्हणून भाचीच्या ग्रुपला सरसकट माफी पण नाही हं. सुरुवातीचा म्युझिक पीस वाजला की हॉलमध्ये टाळी पडते, ती टाळी गाण्याला असते, आणि कितीतरी ग्रुप त्या एका टाळीवर अख्खं गाणं रेटून नेतात. तुम्ही भाचीला एवढंच विचारा की ती चालणारी मुलगी थांबत कुठे होती. अंतरा संपताना गायिका श्वास घेते, अगदी बारीक, हेडफोनवर ऐकू येतो, तिथे तिचं पाऊल थांबत असेल तर पोरीने गाणं ऐकलंय. कुठेही थांबत असेल तर तुमचा राग बरोबर आहे, बिनधास्त सांगा.

प्रश्न: ताई, आम्ही सात जणी मिळून वाशीच्या भावे नाट्यगृहात जुन्या भावगीतांवर तिकीट लावून शो करतोय. एक गाणं काही केल्या आठच्या काउंटमध्ये बसत नाही, दरवेळी पुढेमागे होतं. रिमिक्स घेऊ का? आणि लायसन्स वगैरे लागतं का?
– एक कोरिओग्राफर, ऐरोली

उत्तर: रिमिक्स नको गं. गाणं दादऱ्यात असणार, सहा मात्रा, आणि तू क्लासच्या सवयीने फाइव्ह सिक्स सेव्हन एट मोजतेयस. एकतर सहाची फ्रेज कर, नाहीतर आठाच्या तीन फ्रेजा घे, 24 मात्रा झाल्या की सहा आणि आठ दोघं परत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर भेटतात आणि मधे जी ओढाताण होते ती दिसायला सुंदर दिसते. शिवाय तेव्हा गायिका आणि वादक सगळे एकत्र बसून गाणं रेकॉर्ड करायचे, त्यामुळे लय श्वास घेतल्यासारखी किंचित मागेपुढे होते. पहिले चार दिवस मोजूच नका, सगळ्या जणी नुसतं गुणगुणा. आणि लूप लावून गाणं लांबवू नका, 78 आरपीएमच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, गाणं तेवढ्यातच बांधलेलं असतं.

लायसन्स लागतं, तिकीट लावताय म्हणजे नक्कीच. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे. शब्द-चालीसाठी आयपीआरएस या संस्थेकडे चौकशी कर, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल या संस्थेकडे किंवा थेट रेकॉर्ड कंपनीकडे, जुनी एचएमव्ही असेल तर आता ती सारेगामा. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं, म्हणजे 1960 ची रेकॉर्ड 2020 संपताना मोकळी झाली. पण त्यावर खूश होऊ नकोस, शब्दांचा हक्क कवी गेल्यावर 60 वर्षं टिकतो, गदिमा 1977 ला गेले म्हणजे त्यांच्या शब्दांचा 2037 अखेरपर्यंत. शोचा व्हिडिओ टाकणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, ती आधीच विचारून ठेव.

आणि हो, रिहर्सलला मोबाईलचा स्पीकर वापरत असाल तर बंद करा, त्यात डग्गा (तबल्यातला डाव्या हाताचा, खालच्या सुराचा) ऐकूच येत नाही, मग सगळ्या जणी शब्द पकडून नाचायला लागतात आणि चंद्र आला की हात वर जातो.